फाइल बदलली, कर्नलला कुणी सांगितलं?

प्रश्न : कोपरखैरण्यात आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. रिपोर्टचा लिनक्स सर्व्हर मीच बघतो. मेमरी शिल्लक असतानाही तो स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वापरतो, म्हणून ‘/इटीसी/सिसकंट्रोल.कॉन्फ’ या फाइलीत स्वॅपीनेस, म्हणजे स्वॅपकडे किती कल असावा तो आकडा, ६० वरून १० केला. ढिम्म फरक नाही. रीबूट करावं, तर सकाळी सातपासून उपाशीपोटी आलेल्यांची रांग असते. काय करू?

उत्तर : रांगेतल्यांना उपाशी ठेवू नका, रीबूट लागत नाही.

तुम्ही फाइल बदललीत, पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, काही तिच्यावर डोळा ठेवून बसलेला नसतो. मशीन सुरू होताना ती एकदा वाचली जाते, संपलं. चालू आकडे ‘/प्रॉक/सिस’मध्ये दिसतात, दिसायला त्या फाइली, पण डिस्कवर काहीच नाही, सगळं कर्नलच्या पोटात. तेव्हा रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन ‘सिसकंट्रोल -पी’ द्या, फाइल तिथल्या तिथे वाचली जाईल. (बोलताना सिसकंट्रोल; टाइप करताना एस-वाय-एस-सी-टी-एल. हात सवयीने ‘सिस्टमकंट्रोल’कडे जातो, ती कमांड वेगळी.)

तरीही स्वॅपचा आकडा लगेच उतरणार नाही. स्वॅपीनेस पुढच्या वागण्याबद्दल आहे. आधी तिकडे गेलेलं गरज पडल्याशिवाय परत येत नाही. मोकळी मेमरी पुरेशी आहे हे ‘फ्री’ कमांडने आधी बघा, मग ‘स्वॅपऑफ -ए’ आणि पाठोपाठ ‘स्वॅपऑन -ए’. मेमरी अपुरी असताना हे केलंत तर रिपोर्टचा प्रोग्रामही मरू शकतो. दुपारी करा.

आता माझी फजिती. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात असताना मी ‘सिसकंट्रोल -डब्ल्यू’ने असाच एक आकडा चालू मशीनवर बदलला. मशीन सुधारलं, साहेबांनी चहा पाजला, फाइलीत ओळ लिहायची राहिली. चार महिन्यांनी, ऐन पावसात, वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली आणि मशीन उठलं ते जुन्या आकड्यांसकट. आपण काय बदललं होतं हे आठवायलाच मला अर्धा दिवस लागला.

म्हणून ओळ लिहायचीच, पण ‘/इटीसी/सिसकंट्रोल.डी’मध्ये स्वतंत्र फाइल करून. नावाच्या शेवटी ‘.कॉन्फ’ हवं. डेबियन १३ मध्ये तर बूट होताना तुमची ती मूळ फाइल वाचलीच जात नाही, म्हणजे रीबूट करूनही हात हलवत बसला असतात. वेगळ्या फाइलीसाठी ‘-पी’ नुसतं पुरत नाही, ‘सिसकंट्रोल --सिस्टम’ द्या.

नवा कर्नल टाकला किंवा ग्रबमधली (मशीन सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम) कर्नलची ओळ बदलली, तर मात्र रीबूटला पर्याय नाही. आणि येत्या रविवारी लॅब बंद झाल्यावर एकदा मुद्दाम रीबूट करून ‘सिसकंट्रोल व्हीएम.स्वॅपीनेस’ विचारा. ६० आलं, तर फाइलीची जागा किंवा नाव चुकलंय.