पगार परदेशातला, पण खुर्ची कुठे?

या महिन्यात निवडलेली तिन्ही पत्रं परदेशी कंपनीचं काम दूर बसून करणाऱ्यांची आहेत. तिघांचाही गोंधळ एकाच जागी आहे. पगार कुठून येतो यावर कायदा ठरतो असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात काम करताना तुम्ही कुठल्या देशात बसला होतात, हे आधी पाहिलं जातं.

प्रश्न : मी म्युनिकला एका जर्मन कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांचा नोकरी-रहिवास परवाना) आहे. सांगलीत आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया जानेवारीत ठरली आहे. वडील नाहीत. जून अखेरपर्यंत तिथूनच काम करायचा विचार आहे. मॅनेजर तयार आहेत, एचआर ‘बघून सांगतो’ म्हणतंय. मित्र म्हणतात, कुणाला सांगू नकोस, व्हीपीएन लाव, म्हणजे ठिकाण कळणार नाही, आणि जा. पगार जर्मनीतल्याच खात्यात जमा होणार, मग भारतात कर कसला?

उत्तर : आईजवळ जायचं तुम्ही ठरवलंत, ते योग्यच केलंत. मात्र मित्रांचा सल्ला कृपया मानू नका. लपवून गेलात आणि पुढे ते उघड झालं, तर नोकरीवर गदा येऊ शकते, आणि ब्लू कार्ड त्या नोकरीवर उभं आहे. एचआर टाळाटाळ करतंय म्हणून चिडू नका. त्यांना खरी भीती असते ती तुमच्यामुळे कंपनीची भारतात ‘कायमस्वरूपी आस्थापना’, म्हणजे कराच्या दृष्टीने शाखाच, तयार होण्याची. तसं ठरलं तर कंपनीच्या नफ्यावर इथे कर लागू शकतो. तुम्ही कोड लिहिता, ग्राहकांशी करार करत नाही, तेव्हा तुमच्या बाबतीत हा धोका कमी आहे. म्हणून एचआरकडे लेखी परवानगीचं पत्रच मागा. त्यात तारखा, मुक्काम तुमच्या घरगुती कारणासाठी आणि तात्पुरता असल्याचा उल्लेख, आणि कंपनीच्या वतीने सह्या करायचा अधिकार तुम्हाला नाही हे वाक्य, एवढं हवंच. काही ग्राहकांच्या करारांत युरोपबाहेरून डेटा उघडायला मनाई असते. तुमच्या प्रकल्पात तसं आहे का, हेही आत्ताच विचारून घ्या.

आता कराचं. सांगलीत बसून केलेल्या कामाचा पगार भारतात कमावलेला धरला जातो, मग तो म्युनिकच्या खात्यात पडो की कुठेही. तुम्हाला वाचवतो तो भारत-जर्मनी यांच्यातला दुहेरी कर टाळण्याचा १९९५चा करार. त्या आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८३ दिवसांपेक्षा जास्त नको, पगार देणारी कंपनी भारतीय नको, आणि पगाराचा बोजा तिच्या भारतातल्या शाखेवर पडायला नको. या तिन्ही अटी पाळल्या तर त्या पगारावर कर फक्त जर्मनीत. तुमचं वेळापत्रक इथे सोयीचं आहे : जानेवारी ते मार्च एका आर्थिक वर्षात, एप्रिल ते जून पुढच्या. दोन्हीकडे साधारण नव्वद दिवस. पण आधीच्या गणपतीला किंवा दिवाळीला येऊन गेला असाल तर ते दिवस पहिल्या वर्षात मिळवा, आणि जूननंतर पुन्हा आलात तर ते दुसऱ्यात. भेटीवर येणाऱ्या भारतीय नागरिकासाठी भारताचे रहिवासी ठरायची रेषा १८२ दिवसांवर आहे, पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या पुढे गेलं तर ती १२० दिवसांवर येते. मी माझ्या अशिलांना दोन्हीकडे पंधरा-वीस दिवस राखून ठेवायला सांगते. निघण्याआधी जर्मन फिनान्झआम्टकडून (कर कार्यालयाकडून) कर-रहिवासाचा दाखला घ्या, आणि म्युनिकचं घर सोडू नका.

विम्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. जर्मनीचा सरकारी आरोग्य विमा भारतातल्या उपचारांचा खर्च देत नाही. दोन देशांतला सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, पण त्यात आजारपण येत नाही, प्रामुख्याने पेन्शन येते. तुमचे सामाजिक सुरक्षेचे हप्ते जर्मनीतच चालू राहावेत यासाठीचं प्रमाणपत्र तुमच्या क्रांकेनकासेकडे (आरोग्य विमा संस्थेकडे) मागा. प्रवास विमा घेताना मुदत वाचा. वर्षभराच्या स्वस्त पॉलिसींमध्ये बहुतेकदा एका प्रवासाचे पहिले सहा-आठ आठवडेच धरलेले असतात. आईच्या दवाखान्याच्या धावपळीत मोटरसायकलवरून तुम्हीच पडलात, तर ते बिल कोण भरणार?

जर्मनीबाहेर सलग सहा महिने राहिलं की साधा रहिवासी परवाना रद्द होतो. ब्लू कार्डला ही मुदत बारा महिने आहे, त्यामुळे तुम्ही त्यात बसता.

आणि एक दिलासा. हिवाळ्यात जर्मनी साडेचार तास मागे असते, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन तास. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले हिवाळ्यात दुपारचे दीड, नंतर साडेबारा. सकाळ पूर्ण मोकळी. फिजिओथेरपिस्ट सकाळीच बोलवा, आईला चालवताना तुम्ही शेजारी असाल.

प्रश्न : ताई, मी कराडची, वय २५. एका अमेरिकन कंपनीने सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम दिलंय, महिना साधारण दीड लाख रुपये होतील. करारात ‘इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर’ लिहिलंय आणि डब्ल्यू-८बीईएन नावाचा फॉर्म भरायला सांगितलाय. बाबा घाबरलेत, अमेरिकेचा कर लागेल म्हणून.

उत्तर : बाबांना सांग, तू अमेरिकेची नाहीस एवढं त्या फॉर्ममध्ये कंपनीला लिहून द्यायचं असतं. काम कराडात बसून होतंय, म्हणून तिकडे कर नाही. इथे भरायचा.

आकडे बघ. वर्षाला १८ लाख येतील. आयटीसारख्या ठरावीक व्यवसायांना जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची मुभा आहे, जमा ५० लाखांच्या आत असेल तोवर, आणि रोखीचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. तुझं उत्पन्न धरलं जाईल ९ लाख. नव्या कररचनेत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत कर शून्य. विवरणपत्र मात्र दर वर्षी भरायचंच. जीएसटीची नोंदणी २० लाखांच्या पुढे लागते. पगार वाढून ती रेषा ओलांडलीस तर नोंदणी कर आणि दर वर्षी एलयूटी (हमीपत्र) भर, म्हणजे निर्यात म्हणून कर न आकारता बिल करता येतं. महाराष्ट्राचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, तोही स्वतःच भरायचा. प्रत्येक जमेचा बँकेचा परकीय चलनाचा कागद जपून ठेव.

मला खरी काळजी दुसरीच आहे. तू कर्मचारी नाहीस. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी सुट्टी नाही. करारात काम थांबवायची सूचना किती दिवसांची आहे ते बघ. पंधरा दिवस असेल तर तीस माग. नाही म्हणाले तरी मागितल्याने काही बिघडत नाही. आरोग्य विमा पहिल्या महिन्यातच घे. कंपनी एखाद्या ‘एम्प्लॉयर ऑफ रेकॉर्ड’मार्फत, म्हणजे भारतातल्या मध्यस्थ कंपनीच्या पगारपत्रकावर, घ्यायला तयार असेल तर हातात थोडे कमी पडले तरी मी तोच मार्ग घेईन. पुढे गृहकर्ज मागायला गेलीस की बँका स्वतंत्र काम करणाऱ्यांकडे दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात.

प्रश्न : आम्ही नवरा-बायको डोंबिवलीतून एका ब्रिटिश कंपनीचं काम करतो. तीन महिने थायलंडमध्ये राहून केलं तर? पर्यटक म्हणूनच जाऊ.

उत्तर : पर्यटक म्हणून नको. थायलंडने २०२४मध्ये अशाच लोकांसाठी डीटीव्ही नावाचा व्हिसा काढला आहे. मुदत ५ वर्षं, एका वेळी १८० दिवस राहता येतं, खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. तीन महिन्यांत तुम्ही तिथले कर-रहिवासी होत नाही, त्यासाठी वर्षात १८० दिवस लागतात. तुमचा कर भारतातच राहील. अर्ज करण्याआधी ब्रिटिश कंपनीला मेल टाका, कारण पुष्कळ करारांत कामाचा देश लिहिलेला असतो आणि तो बदलायला त्यांची लेखी संमती लागते.