हर्सिलचा 'राजा' विल्सन

प्रश्न : जूनमध्ये गंगोत्रीला जाताना हर्सिलला मुक्काम केला. गाडीवाला सांगत होता, इथे विल्सन नावाचा गोरा राजा होऊन गेला, त्याने स्वतःचं नाणंसुद्धा पाडलं. हा सरकारी अधिकारी होता का? नुसत्या लाकडावर एवढी श्रीमंती येते?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : ताई, अधिकारीही नव्हे आणि राजाही नव्हे. फ्रेडरिक विल्सन आमच्या धंद्यातला, लाकूडवाला. आमची तीन पिढ्यांची वखार आहे, त्यामुळे हर्सिलला गेलो तेव्हा मीही देवदर्शनापेक्षा याचीच चौकशी जास्त केली. (बायको अजून टोमणे मारते.)

माणूस मूळ इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा. फौजेतून पळून आला, असं पहाडात सांगतात. आधी शिकारीवर जगला. कस्तुरी आणि मोनाल पक्ष्याची पिसं विकायचा. मग त्या भागातल्या टिहरी संस्थानच्या राजाकडून देवदाराच्या जंगलाचा मक्ता घेतला, वर्षाला अवघे ४०० रुपये!

राजा फसला, असं चटकन वाटेल. पण माल कितीला पडला, हे तो वखारीच्या दारात उतरल्यावर कळतं. हर्सिल समुद्रसपाटीपासून आठ हजार फुटांच्या वर. बैलगाडीचा रस्ता नाही, खेचरावर ओंडका लादता येत नाही. तिथलं उभं झाड राजाला काय कामाचं? विल्सनने भागीरथी पाहिली. देवदार वजनाला हलका, पाण्यावर तरंगतो. ओल्या साल वृक्षाचा ओंडका असता तर तळाला गेला असता. ओंडके नदीत सोडायचे आणि खाली हरिद्वारला धरायचे. वाहतुकीचं भाडं नदीने माफ केलं. अर्थात अरुंद घळीत ओंडक्यांवर ओंडके चढून बसले, की त्या बर्फाच्या पाण्यात कुणीतरी उतरायचंच. तो विल्सन नसणार, एवढं मी पैजेवर सांगतो.

गिऱ्हाईक आयतं होतं : रेल्वे. रुळांखालच्या स्लीपरसाठी तेलपाणी न करता टिकणारी आपल्याकडची लाकडं तीनच – साग, साल, देवदार. देवदाराला रंधा मारला की तेलकट, उग्र वास सुटतो. ते तेलच त्याला वाळवीपासून राखतं. १८५७ नंतर रूळ झपाट्याने पसरले आणि विल्सनची भरभराट झाली. १८६४ साली मक्ता संपला, तेव्हा सरकारनेच टिहरीची जंगलं २० वर्षांसाठी घेतली, वर्षाला १०,००० रुपये देऊन. भाव कुणी वाढवला, ते तुम्हीच ओळखा.

नाण्याचं म्हणाल, तर त्याच्या नावाचं टोकन, म्हणजे पैशाऐवजी चालणारा बिल्ला, होतं हे खरं. मला त्यात राजेपण दिसत नाही. सुट्या पैशांची चणचण असलेल्या डोंगरात मजुरी भागवायची, तर मुकादमी डोकं हेच करणार.

त्याने घर केलं ते तिथल्याच बाईशी. गुलाबी तिचं नाव, समोरच्या मुखबा गावची. हिवाळ्यात गंगोत्रीहून गंगामाईची मूर्ती उतरते ते मुखबा. गावकरी त्याला 'हुलसन' म्हणत. हर्सिलची सफरचंदंही त्यानेच आणली म्हणतात. त्याचा देवदारी बंगला १९९७ मध्ये जळाला, त्यामुळे तुम्हाला तो दिसला नसणार. १८८३ मध्ये तो वारला. मसुरीला गेलात तर कॅमल्स बॅक रस्त्यावरच्या गोऱ्यांच्या दफनभूमीत त्याची कबर आहे.