खिळा ठोकला की प्लास्टरच निघतं, मग फोटोफ्रेम लावायची कशी?

साधा खिळा विसरा. प्लास्टरच्या मागे काँक्रीट लागलं की तो वाकतो, आणि आपण चिडून अजून जोरात ठोकतो, तिथेच पोपडा निघतो. हॅमर ड्रिल भाड्याने आणा किंवा शेजाऱ्यांकडून मागा. ६ मिमीचा बिट, त्याच मापाची प्लास्टिकची गुल्ली (ही भोकात बसवून तिच्यात स्क्रू पिळायचा) आणि स्क्रू. खुणेवर चिकटपट्टी लावून मगच भोक पाडा. खाली एक जुनं कागदी पाकीट उघडं ठेवून चिकटवा, सगळी धूळ त्यात पडते (माझ्या बायकोची युक्ती, श्रेय तिचं).

स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली मात्र ड्रिल लावू नका, आतून वायरी गेलेल्या असतात.

उंची? फ्रेमचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंमीवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेसमोर. बहुतेक घरांत फोटो उगाच छताजवळ टांगतात. सोफ्याच्या वर असेल तर पाठीपासून वीतभर अंतर पुरे. मोठी फ्रेम दोन स्क्रूवर टांगा, तिरकी होत नाही.

पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर कागदावरचं चित्र लावूच नका. लावायचंच असेल तर फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या चिकटवा, हवा खेळती राहते.

भाड्याचं घर असेल तर आधी मालकांना विचारा.