मागणीपत्र आलंय, आता काय करू? उद्यमबागेतल्या फाउंड्रीच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न मी असा समजलो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वडिलांची फाउंड्री, म्हणजे धातूचं ओतकाम करणारा कारखाना आहे, कायम कामगार 140. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच युनियन झाली आणि सोमवारी अकरा मागण्यांचं पत्र हातात पडलं. वडील म्हणतात, ज्या तिघांनी हे सुरू केलं त्यांना आधी गेटबाहेर काढा, बाकीचे आपोआप गप्प बसतील. आणि तुम्ही विचारताय, उत्तर द्यायचं की थांबून बघायचं?

उत्तर द्या, याच आठवड्यात द्या आणि त्या तिघांना हात लावू नका. बेळगाव परिसरातल्या तीन कारखान्यांत मिळून मी 29 वर्षं टेबलाच्या मालकाकडच्या बाजूला बसलोय. त्यामुळे हे मी कामगारांची बाजू घेऊन सांगतोय असं वडिलांना वाटायला नको.

काढून टाकण्याचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. 1994 साली एका कारखान्यात पिण्याच्या पाण्यावरून खानापूरकडच्या एका मोल्डरनं, म्हणजे साचे घालणाऱ्या कामगारानं, चाळीस सह्या गोळा केल्या. व्यवस्थापनानं त्याच्यावर हुकूम मोडल्याची चार्जशीट काढली. दोन पानं, सगळी इंग्रजीत, आणि ती त्याच्या हातात दिली मी. त्यानं कागद उलटून बघितला, मागची बाजू कोरी होती. मग मला म्हणाला, "साहेब, ह्यात माझं नाव कुठं आहे?" मी बोट ठेवून दाखवलं आणि त्यानं खाली सही केली. पुढं चौकशीही इंग्रजीतच झाली आणि त्याला कामावरून काढलं. कामगार न्यायालयात सहा वर्षं गेली. कामगाराला कळत नाही त्या भाषेत चालवलेली चौकशी टिकली नाही आणि त्याला मागच्या पगारासह परत घ्यावं लागलं. पैसे गेले ते गेलेच, पण त्या सहा वर्षांत एकही जुना कामगार व्यवस्थापनातल्या कुणाशी मोकळेपणानं बोलला नाही. साचा बिघडतोय हे दिसत असूनही गप्प उभी राहिलेली माणसं मी बघितली आहेत. तो कागद मी नेऊन दिला याचं मला आजही वाईट वाटतं.

कायदाही तेच सांगतो. युनियन केली म्हणून कामगाराला त्रास देणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. केंद्राची नवी औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली तरी यात काही सैल झालेलं नाही. उद्या एखाद्याचा खरोखरच गंभीर दोष निघाला आणि त्याला निलंबित करायची वेळ आली, तर चौकशी 90 दिवसांत संपवायची, तोपर्यंत निम्मा पगार निर्वाहभत्ता म्हणून द्यायचा, आणि सगळे कागद त्याला वाचता येतील अशा भाषेत काढायचे.

आता त्या पत्राकडे वळू. पेन्सिल घ्या आणि अकरा मागण्यांवर तीन तऱ्हेच्या खुणा करा. तुम्ही सगळ्या मागण्या लिहिल्या नाहीत, पण ज्या लिहिल्या त्यात 'ओव्हरटाईम दुप्पट दराने' आणि 'पगाराची स्लिप' आहे. या मागण्या नाहीत, तो कायदाच आहे. त्यावर घासाघीस करायची नसते, मागचं चुकलं असेल तर सरळ दुरुस्त करायचं असतं. ते वाटाघाटीत 'आम्ही दिलं' म्हणून मांडू नका, समोरच्याला लगेच कळतं. दुसरी खूण बिनपैशाच्या किंवा थोड्या पैशाच्या गोष्टींवर. तिसरी खरोखर बोलणी करायच्या गोष्टींवर, म्हणजे पगारवाढ, महागाई भत्ता, बोनसचा टक्का. तिसऱ्या खुणेच्या तीन-चारच निघतील.

त्या दुसऱ्या खुणेला कमी लेखू नका. एका करारात आम्ही पगारवाढीवर चार बैठका अडकून पडलो होतो. पाचव्या बैठकीत फेटलिंगचा, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या खात्यातला एक पोरगा, एरवी तोंड न उघडणारा, त्यानं खिशातून हातमोजा काढून टेबलावर ठेवला. अंगठ्याच्या जागी भोक आणि आतून काळा पडलेला. स्टोअरवाला म्हणे पूर्ण फाटल्याशिवाय नवा देत नव्हता आणि 'पूर्ण' म्हणजे किती ते तोच ठरवायचा. मी तिथल्या तिथं स्टोअरवाल्याला बोलावलं आणि महिन्याला ठरलेले जोड वहीत सही घेऊन द्यायचं लिहून काढलं. पगाराचा आकडा त्या दिवशी एका रुपयानंही हलला नाही, पण पुढच्या बैठकीला माणसं वेगळ्या सुरात बोलत होती. दोन आठवड्यांत करार झाला.

उत्तराचं पत्र लहान ठेवा : पत्र मिळालं, अमुक तारखेला अमुक वाजता बसू, आमच्या बाजूनं हे तिघं असतील, तुम्ही पाच जणांची नावं द्या. मराठीतही काढा आणि कानडीतही. तुमच्याकडे येळ्ळूर-मच्छेची माणसं असतील तशी बैलहोंगल-सौंदत्तीकडचीही असणार. एकदा गेटवर मी कराराचा मसुदा मराठीत वाचत होतो, तेव्हा मागून हाक आली, "नमगू हेळ्री!" आम्हालाही सांगा. बरोबरच होतं त्यांचं. त्या दिवसापासून प्रत्येक नोटीस दोन्ही भाषांत लावायची सवय मी कधी मोडली नाही. बैठक शिफ्टच्या वेळेत घ्या, सुटल्यावर नको. चंदगडकडून येणाऱ्याची एसटी चुकली की त्याचं लक्ष बोलण्यात राहत नाही, घड्याळात राहतं.

भाषेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पगाराचं भांडण मराठी-कानडीचं होऊ देऊ नका, आणि तसं व्हावं म्हणून कुणी सुपरवायझर 'आपली माणसं' वेगळी काढत असेल तर त्याला तिथंच थांबवा. 1956 पासून आपल्या भागानं जे सोसलंय ते मला कुणी सांगायला नको. पण भट्टीपुढं उभ्या असलेल्या दोघांचा घाम सारखाच असतो आणि फुटलेल्या कामगारांशी केलेला करार सहा महिनेही टिकत नाही.

सीमेचा आणखी एक घोळ. कोल्हापूर-पुण्याहून आलेले सल्लागार इथं येऊन 'मान्यताप्राप्त युनियन'ची भाषा बोलतात. ती महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यातली आहे. वेंगुर्ले रस्त्यानं हद्द ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत गेलात तर तिथं ती चालत आली, उद्यमबागेत तो कायदा कधीच लागू नव्हता. इथं केंद्राचा कायदा कर्नाटकाच्या नियमांसह चालत आला आणि आता नवी संहिता आहे. तिच्यात वाटाघाटी कुणाशी करायच्या हे ठरवलेलं आहे. एकाहून जास्त युनियन असतील तर हजेरीपटावरचे किमान 51 टक्के कामगार ज्या युनियनचे, ती एकटी वाटाघाटी करणार. तेवढे कुणाकडेच नसतील तर किमान 20 टक्के कामगार असलेल्या युनियनची मिळून परिषद. तुमच्याकडे एकच युनियन आहे, ती नोंदलेली असेल आणि नियमांतल्या अटींत बसत असेल तर बोलणी तिच्याशीच. सभासदांची यादी मागा, पण ती मोजण्यापुरती. यादीतल्या माणसांना एकेकटं केबिनमध्ये बोलावणं सुरू झालं की तुमचा शब्द संपला.

वडिलांचा दुसरा आक्षेप, नेता बाहेरचा आहे. असू दे. कायदाच पदाधिकाऱ्यांपैकी एक तृतीयांश किंवा पाच, यांतले जे कमी असतील तेवढे बाहेरचे चालवून घेतो. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांना संघटित करणारे प्रा. सुभाष जोशीही वखारीत तंबाखू चाळणारे नव्हते. ज्यांना उद्या कामावर घेणार की नाही याचीच धास्ती, त्यांच्या वतीनं बोलायला ज्याची नोकरी तुमच्या हातात नाही असा माणूस लागतो. माझा अनुभव असा की बाहेरचा जुना नेता बहुतेक वेळा करार घडवतोच, कारण त्याला अजून दहा कारखान्यांत जायचं असतं.

करार झाला की तो सहायक कामगार आयुक्तांसमोर समेटात करा. जुने लोक अजून त्याला, जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कलम 12(3) वरून, 'बारा तीन'चा करार म्हणतात. दोघांनीच आपसात केलेला करार सही करणाऱ्यांनाच बांधतो. समेटातला करार युनियनमध्ये नसलेल्यांना आणि उद्या भरती होणाऱ्यांनाही बांधतो. मुदत तीन वर्षांची ठेवा. बोलणी चालू असताना शिफ्ट, भत्ता, सुट्ट्या यांत काहीही बदलू नका. एरवीही अशा बदलाला 21 दिवसांची नोटीस लागते. कामगारांनाही संपाआधी 14 दिवसांची नोटीस बंधनकारक आहे आणि निम्मे किंवा त्याहून जास्त जण ठरवून एकदम रजेवर गेले तर तोही संपच धरला जातो. पहिल्या बैठकीत हे दोन्हीकडचं सांगा, धमकीच्या सुरात नाही, दोघांनाही हद्द माहीत असावी म्हणून.

तक्रार निवारण समितीही याच करारात घालून घ्या. 20 किंवा जास्त कामगार असले की ती लागतेच. दोन्हीकडचे सारखे सदस्य, जास्तीत जास्त दहा, आणि तुमच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे करतात तिथं, बायका असतील तर त्यांचं प्रमाण धरून त्यांनाही घ्यायचं. स्थायी आदेशांचं, म्हणजे नोकरीच्या अटी आणि शिस्तीच्या लेखी नियमांचं बंधन संहितेत 300 कामगारांपासून आहे म्हणून तुमचा वकील 'गरज नाही' म्हणेल. माझं मत, तरीही रजा, शिस्त, बढती यांचे नियम छापून लावा.

राहता राहिले वडील. त्यांचा राग मला कळतो, कारण तो पैशाचा नाही. कुणाच्या पोरीच्या लग्नाला, कुणाच्या आईच्या ऑपरेशनला त्यांनी खिशातून दिलं असणार आणि आता तीच माणसं टाईप केलेलं पत्र घेऊन उभी राहिली. त्यांना ती कृतघ्नता वाटते. पण खिशातून मिळणारं विचारायला माणसाला दर वेळी दारात उभं राहावं लागतं, आणि तुम्ही दार उघडाल तेव्हा तुमच्या वडिलांसारखेच असाल याची त्यांना खात्री नाही. म्हणून ते कागदावर मागतायत. हे वडिलांना घरी, जेवणानंतर, तुम्हीच सांगा. वकिलाच्या तोंडून नको.

आणि पहिल्या बैठकीला त्यांना घेऊन जा. आकड्यांचं तुम्ही बोला, सुरुवात त्यांना करू दे. सगळ्यांत जुना मोल्डर त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवा. समोरच्या नको.