यादीत 100 असताना मॅक्स 95 का देतं?

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी आहेत. फाइलमध्ये 78, 100, 9, 95 आणि 35 असे गुण एकेका ओळीवर आहेत, तरी पायथॉनचं मॅक्स, म्हणजे यादीतला सर्वांत मोठा घटक देणारं फंक्शन, 95 सांगतं. स्वतः लूप लिहून पाहिलात तरी तेच. सरासरी काढली तर 0.0 येते. आणि शेवटी, "हे फारसं महत्त्वाचं नाही" असं म्हणून तुम्ही लिहिलंय की उत्तराखाली एक रिकामी ओळ जास्तीची छापली जाते.

सुरुवात त्या रिकाम्या ओळीपासून करू, कारण बाकी दोन्हींचं मूळ तिथे उघड दिसतंय. प्रिंट स्वतः एकदा ओळ तोडतं. मग दुसऱ्यांदा ती कोण तोडतंय? तुमची किंमतच. संख्येच्या पोटात ओळ तोडणारं चिन्ह असूच शकत नाही. म्हणजे तुमच्या व्हेरिएबलमध्ये पंच्याण्णव ही संख्या नाही. तिथे तीन अक्षरं आहेत: 9, 5 आणि न्यूलाइन. पायथॉन मजकुराच्या फाइलमधली प्रत्येक ओळ स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, म्हणूनच देतं, ओळीच्या शेवटच्या न्यूलाइनसकट. आकडे दिसतात म्हणून आपण संख्या आहे असं धरून चालतो, पण पायथॉन तसं काही धरत नाही.

स्ट्रिंगची तुलना शब्दकोशातल्या शब्दांसारखी होते. आधी पहिलं अक्षर बघायचं, ते सारखं असेल तरच दुसरं. शब्द किती लांब आहे हे आधी पाहिलं जात नाही. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. 0 ते 9 या अंकांचे क्रमांक 48 ते 57 आहेत. "100" मधल्या 1 चा क्रमांक 49 आणि "95" मधल्या 9 चा 57, त्यामुळे निकाल पहिल्याच अक्षराला लागतो. पुढच्या दोन शून्यांपर्यंत कोणी पोचतच नाही. याच यादीवर सर्वांत लहान घटक देणारं मिन चालवून बघा, 100 मिळेल. क्रम लावणारं सॉर्टेड लावलंत तर क्रम 100, 35, 78, 9, 95 असा येईल. फोल्डरमध्ये "फाइल 10" कधीकधी "फाइल 2" च्या आधी दिसते, तिथेही हीच तुलना चाललेली असते.

"आधी दोन आठवडे हाच प्रोग्राम बरोबर चालत होता" असंही तुम्ही म्हणता, आणि ते खरं असणार. तेव्हा सगळे गुण दोन अंकी असतील. सगळ्यांची लांबी सारखी असली की अक्षरांचा क्रम आणि संख्यांचा क्रम तंतोतंत जुळतो. (तारीख 2024-03-09 अशी, महिन्याआधी आणि दिवसाआधी शून्य भरून लिहिली की स्ट्रिंग असूनही ती बरोबर क्रमाने लागते, ती याचमुळे.) म्हणजे चूक पहिल्या दिवसापासून होती, तुमच्या डेटाने ती झाकून ठेवली होती. म्हणून प्रोग्राम तपासताना डेटामध्ये मुद्दाम एक 9, एक 100, एक 0 आणि एक कोरी ओळ घाला.

आता सरासरी. तुमचा कोड असा आहे: बेरीज आधी 0 ठेवली, मग ट्रायमध्ये सम लावून यादीची बेरीज, आणि खाली एक्सेप्टमध्ये, म्हणजे ट्रायमध्ये एरर आला तर जो भाग चालतो तिथे, नुसतं पास, म्हणजे "काहीच करू नकोस". "मध्येच एक एरर येत होता म्हणून ट्राय टाकलं," असं तुम्ही लिहिलंय, पण एररचा मजकूर दिलेला नाही. तुमचा कोड पाहता तो असाच असणार: "टाइपएरर: अनसपोर्टेड ऑपरंड टाइप्स फॉर प्लस: इंट अँड एसटीआर". सम शून्यापासून सुरुवात करतं, शून्य हा इंट, म्हणजे पूर्णांक. यादीतला पहिला घटक एसटीआर, म्हणजे स्ट्रिंग. या दोघांची बेरीज मला करता येत नाही, असं पायथॉन सांगत होतं. मॅक्स का चुकतंय याचं उत्तर त्या एका ओळीत लिहिलेलं होतं, आणि पासने नेमकी तीच ओळ गिळली. बेरीज 0 च राहिली, भागाकार 0.0 आला, आणि प्रोग्राम काहीच न घडल्यासारखा पुढे गेला.

हे मला फार कळकळीने सांगायचंय. एरर दाखवून थांबणारा प्रोग्राम तुमच्या बाजूने असतो. चुकीचं उत्तर देऊन शांतपणे संपणारा प्रोग्राम धोक्याचा, कारण कुणीतरी ते उत्तर खरं मानून पुढे वापरतं. रिकामं एक्सेप्ट आणि त्याखाली पास ही जोडी शिकण्याच्या काळात वापरूच नका. एक्सेप्ट लिहायचंच असेल तर कोणता एरर अपेक्षित आहे त्याचं नाव लिहा, म्हणजे बाकीचे एरर तुमच्यापर्यंत पोचतील.

एररचा मजकूर खालून वर वाचा. सगळ्यात खालच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या जरा वर कोणत्या ओळीवर बिघडलं ते. पायथॉन 3.11 पासून तर त्या ओळीत नेमक्या कुठल्या भागात अडलं तेही खाली खुणा करून दाखवतात. एक मात्र लक्षात ठेवा: तो ओळक्रमांक चूक जिथे उघडकीस आली त्या जागेचा असतो, चूक जिथे झाली त्या जागेचा असेलच असं नाही. तुमचा एरर समच्या ओळीवर आला असणार, पण दुरुस्ती हवी आहे ती कितीतरी वर, फाइल वाचली तिथे.

तुम्ही लिहिलेल्या लूपबद्दल थोडं. "सर्वांत मोठा" म्हणून सुरुवातीला यादीतलाच पहिला घटक धरलात, ही पद्धत योग्य आहे, तीच ठेवा. तिथे 0 धरला असता तर पायथॉन 3 ने स्ट्रिंग आणि इंटची तुलना नाकारली असती आणि घोळ लगेच कळला असता. पायथॉन 2 मात्र अशी तुलना निमूटपणे करून टाकायचं. त्याच्या काळातले जुने धडे अजून सगळीकडे फिरताहेत, तेव्हा धडा कोणत्या आवृत्तीचा आहे ते आधी बघत चला. पायथॉन 2 ची अधिकृत देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली.

दुरुस्ती छोटी आहे. फाइल वाचणाऱ्या लूपमध्ये प्रत्येक ओळीला स्ट्रिप लावा, ते दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा आणि न्यूलाइन काढतं. उरलेली स्ट्रिंग रिकामी असेल तर कंटिन्यू, म्हणजे ती ओळ सोडून पुढची घ्या. नसेल तर ती इंट या फंक्शनमध्ये घालून पूर्णांक करा आणि जे येईल ते यादीच्या शेवटी अपेंड करा, म्हणजे जोडा. खरं तर आजूबाजूच्या मोकळ्या जागा आणि न्यूलाइन इंट स्वतःच दुर्लक्षित करतो. स्ट्रिप हवं ते कोरी ओळ ओळखण्यासाठी. इंट देवनागरी अंकही ओळखतो, "९५" दिलंत तर 95 देतो. एवढं केलंत की मॅक्स 100 देईल, रिकामी ओळ जाईल आणि सरासरी 63.4 येईल. रूपांतर असं डेटा आत येतानाच, एकाच जागी करा. पुढे जिथे जिथे अडेल तिथे इंट चिकटवत गेलात तर एखादी जागा हमखास सुटते.

रूपांतर करताना "व्हॅल्यूएरर: इनव्हॅलिड लिटरल फॉर इंट विथ बेस 10" असा एरर आला तर घाबरू नका. त्याच्या शेवटी अवतरणात इंटला न पचलेली किंमत जशीच्या तशी दिलेली असते, ती वाचा. तिथे "गैरहजर" असं काही दिसलं तर पुढचा निर्णय पायथॉनचा नाही, तुमचा आहे. सहावा विद्यार्थी गैरहजर असेल आणि त्याला 0 धरलंत तर सरासरी 63.4 वरून 52.83 वर येते. वगळलंत तर आहे तीच राहते. कोणतं बरोबर हे यादी कशासाठी बनवताय त्यावर ठरेल, आणि जे ठरेल ते कोडमध्ये स्पष्ट लिहा.

किंमत संख्या आहे की स्ट्रिंग हे प्रिंट करून कळत नाही. 95 दोन्हीकडे सारखाच छापला जातो. त्यासाठी रेप्र हे फंक्शन आहे. संख्या असेल तर ते नुसतं 95 दाखवतं. स्ट्रिंग असेल तर अवतरणचिन्हांसकट, आणि न्यूलाइन बॅकस्लॅश एन म्हणून. उत्तर अनपेक्षित आलं की मॅक्सवर शंका घेण्याआधी त्याला दिलेली यादी रेप्र लावून छापा. मॅक्स जगभर रोज वापरलं जातं. त्यात दोष निघण्यापेक्षा आपण दिलेल्या यादीत निघण्याची शक्यता कितीतरी जास्त.

रेप्रमुळे आणखी एक छुपी गोष्ट सापडते. काही एडिटर यूटीएफ-8 (अक्षरं साठवण्याची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) फाइलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण घालतात. मग फक्त पहिल्या ओळीचं रूपांतर अडतं, आणि डोळ्यांना तर तिथे 78 स्वच्छ दिसत असतो. ही खूण स्ट्रिपने जात नाही. फाइल उघडताना एन्कोडिंग "यूटीएफ-8-सिग" द्या.

फाइलसोबत डेटा आत येण्याची इतर दारंही लक्षात असू द्या. पायथॉन 3 मधलं इनपुट, म्हणजे कीबोर्डवरून टाइप केलेलं घेणारं फंक्शन, नेहमी स्ट्रिंग देतं. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळा केलेला तक्ता) वाचणारं मॉड्यूल वेगळं काही सांगितलं नाही तर स्ट्रिंग देतं, कमांड लाइनवरून आलेलं सगळं स्ट्रिंगच असतं. जेसन या डेटा लिहिण्याच्या पद्धतीत मात्र संख्या आणि स्ट्रिंग वेगळ्या लिहितात, तिथे फरक टिकतो. पुढे कधी जावास्क्रिप्टकडे वळलात तर तिथे जास्त जपा: स्ट्रिंग "5" मध्ये 2 मिळवले की ते "52" देतं, वजा केले की 3 देतं, आणि कुठेच एरर येत नाही.

गुण अर्धेही देत असाल, म्हणजे 72.5 वगैरे, तर इंटऐवजी फ्लोट, म्हणजे दशांश संख्या देणारं फंक्शन, वापरा, कारण "72.5" ही स्ट्रिंग इंट घेणार नाही. आधी ते ट्राय-एक्सेप्ट काढून प्रोग्राम चालवा. काही अडलं तर एररचा संपूर्ण मजकूर कॉपी करून टाका, स्क्रीनचा फोटो नको, आणि सोबत यादीचं रेप्रचं आउटपुट द्या.