वाचकांचे प्रश्न : ‘द सर्चर्स’ थोर का मानतात?

प्रश्न : आमच्या मंडळात जॉन फोर्डचा ‘द सर्चर्स’ (१९५६) दाखवला. नायक इतका द्वेष्टा असताना या वेस्टर्नचं (अमेरिकेच्या पश्चिमेतल्या घोडेस्वारांच्या चित्रपटाचं) एवढं कौतुक कशासाठी?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तो द्वेष हाच चित्रपटाचा विषय आहे. कोमांची या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीने पळवलेल्या पुतणीला, डेबीला, ईथन (जॉन वेन) वर्षानुवर्षं शोधतो. पण ती त्यांच्यात वाढली म्हणून तिला मारूनच टाकावं, असं त्याच्या मनात घर करत जातं. याचं मूळ कुणी बोलून दाखवत नाही. हल्ल्याच्या वेळी लहानगी डेबी आजीच्या थडग्याशी लपते, तिथे चित्र थांबवा. दगडावर लिहिलंय : कोमांचींनी मारलं, १८५२. ती ईथनची आई. तसंच ईथन आणि त्याची वहिनी मार्था यांच्या न बोललेल्या प्रेमाचं. ती आत ईथनच्या कोटावरून हात फिरवते आणि बाहेर पाद्रीबुवा कॉफी पीत मुद्दाम समोर बघत राहतात. एकही शब्द नाही, आणि सगळं कळतं. आमच्या मते चित्रपटातला सर्वांत सुंदर प्रसंग हाच.

त्याला ऑस्करचं एकही नामांकन नव्हतं. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट-मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात मात्र तो १९९२ साली पाचवा, २०१२ साली सातवा आणि २०२२ साली पंधरावा आला.

आक्षेपही रास्त आहेत. कोमांची सरदार स्कार जर्मनीत जन्मलेल्या गोऱ्या नटाने रंगवला आहे. लुक या कोमांची बाईला ईथनचा शोधातला तरुण सोबती मार्टिन लाथ मारून उतारावरून लोटतो, ते हसवण्यासाठी घातलंय आणि आज बघवत नाही. पुढे घोडदळाच्या छाप्यात ती मेलेली सापडते तेव्हा चित्रपट गंभीर होतो, पण आधीचं त्याने पुसलं जात नाही.

प्रश्न : शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर दाखवायचा आहे. काय सांभाळावं?
– एक शिक्षिका, कराड

उत्तर : सगळ्यात आधी अंधार. काळोख्या घराचं दार उघडतं तिथे चित्रपट सुरू होतो आणि तशाच दारात संपतो. खिडकीतून उजेड आला की ती काळी चौकट राखाडी होते, बाहेरचे लाल कडे फिके पडतात. लांबी ११९ मिनिटं. साडेसातला लावलात तर साडेनऊला सुटेल.

पडदा भरण्यासाठी चित्र मोठं करणारी ‘झूम’ सेटिंग वापरू नका. हा व्हिस्टाव्हिजनमध्ये टिपलेला आहे : ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्यातून आडवी सरकते, एका चौकटीला फिल्मच्या काठावरची ४ ऐवजी ८ छिद्रं लागतात. निगेटिव्ह मोठी, म्हणून कड्याच्या पायथ्याचे मुंगीएवढे स्वारही रेखीव दिसतात. चित्राच्या बाजू कापल्या की नेमके तेच जातात. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंगही बंद ठेवा, नाहीतर चित्र टीव्ही मालिकेसारखं दिसतं.

मुलांना एवढं आधी सांगा : गोष्ट टेक्सासची, पण दिसते ती युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरची मॉन्युमेंट व्हॅली. आटपाडीची गोष्ट सांगून भलताच मुलूख दाखवावा तसं. भूगोल जुळवत बसू नये.

शेवटी दारात उभा ईथन डाव्या हाताने उजवा हात कोपराशी धरतो. ही जुन्या वेस्टर्नमधला नट हॅरी केरी याची लकब. त्याची पत्नी ऑलिव्ह हिने याच चित्रपटात मिसेस जॉर्गेन्सनचं काम केलंय. दार पूर्ण मिटेपर्यंत हॉलचे दिवे लावू देऊ नका.