वाचकांचे प्रश्न : लिनक्ससाठी डिस्कची विभागणी आणि बॅकअप

प्रश्न : माझ्या संगणकात ८ जीबी रॅम आणि १ टीबीची एकच हार्ड डिस्क आहे. ती पूर्ण पुसून लिनक्स मिंट ही संगणक प्रणाली टाकायची आहे. घरचे फोटो आणि स्कॅन केलेली जुनी कागदपत्रे मिळून सुमारे २०० जीबी भरतात. डिस्कचे पाच-सहा भाग करून त्यांतला एक बॅकअपसाठी राखावा, असा सल्ला मिळाला आहे. तो मानावा का?

उत्तर : बॅकअपपुरता तो सल्ला मानू नका. पार्टिशन म्हणजे एकाच डिस्कवर आखलेली हद्द. डिस्क बंद पडली किंवा संगणक चोरीला गेला, तर मूळ फोटो आणि त्यांची प्रत एकदमच जातात. तेव्हा आधी बाहेरून जोडायची वेगळी डिस्क घ्या आणि फोटो तिच्यावर उतरवून, उघडून पाहिल्यावरच ही डिस्क पुसायला घ्या.

विभागणी साधी ठेवावी. संगणक सुरू होण्यासाठी लागणारे ईएफआय पार्टिशन ५१२ एमबीचे, रूटसाठी (जिथे प्रणाली आणि प्रोग्रॅम राहतात) १०० जीबी आणि उरलेली सारी जागा होमला (जिथे आपल्या फायली राहतात) पुरे. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा) आता वेगळे पार्टिशन लागत नाही, स्वॅप फाइलवर भागते. जास्त भाग पाडले की एक तुडुंब भरतो आणि शेजारचा रिकामा पडून राहतो, हे घरगुती संगणकावर हमखास घडते. होम वेगळे ठेवण्याचा खरा लाभ पुढे कधी प्रणाली नव्याने टाकताना होतो : तेव्हा विभागणी स्वतः करण्याचा पर्याय निवडून रूट फॉरमॅट करावे, होमपुढे मात्र फॉरमॅटची खूण अजिबात करू नये.

मिंटसोबत येणाऱ्या टाइमशिफ्ट या प्रोग्रॅमबद्दल मोठा गैरसमज आहे : तो फोटोंचाही बॅकअप घेतो, असे अनेकांना वाटते. एखादे अपडेट बिघडले तर प्रणाली मागच्या स्थितीत नेण्यासाठी तो उत्तम आहे (रूटला १०० जीबी सुचवले ते त्याच्या प्रतींसाठीच), पण आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय तो होममधल्या फायली घेत नाही. त्यामुळे टाइमशिफ्ट चालू असूनही तुमचे फोटो सुरक्षित नसतात.

फोटोंसाठी आरसिंक हे फायलींची प्रत करणारे साधन वापरावे. पहिल्या खेपेनंतर ते फक्त नव्या आणि बदललेल्या फायली उतरवते. एक प्रसंग माझ्या स्वतःच्या संगणकावरचा आहे. बाहेरची डिस्क जोडली आहे असे समजून मी आदेश दिला. प्रत्यक्षात ती माउंट झालेली नव्हती (म्हणजे प्रणालीने ती वापरासाठी एखाद्या फोल्डरला जोडलेली नव्हती), त्यामुळे सगळी प्रत त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे रूटवर गेली आणि रूट काठोकाठ भरले. याच्या उलट, मूळ फोल्डर रिकामे दिसत असताना ‘डिलीट’ पर्याय (मूळ जागी नसलेल्या फायली प्रतीतूनही पुसणारा) लावून आदेश दिला, तर बॅकअपमधले फोटोही पुसले जातात. म्हणून आधी डिस्क माउंट झाल्याची खात्री करावी, मग ‘ड्राय रन’ (प्रत्यक्ष काही न बदलता केलेली चाचणी) लावून काय उतरेल आणि काय पुसले जाईल ती यादी वाचावी, आणि मगच खरा आदेश द्यावा.

बाहेरची डिस्क फक्त लिनक्सलाच जोडणार असाल तर ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल पद्धतीत फॉरमॅट करावी, म्हणजे फायलींचे मालक आणि परवानग्या जशाच्या तशा राहतात. काम झाले की ती काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क विजेच्या झटक्यात संगणकाबरोबर जाऊ शकते. शक्य असल्यास दुसरी प्रत नातेवाइकांकडे ठेवा. मात्र तिच्यावर ओळखपत्रे किंवा बँकेचे कागद असतील, तर डिस्क लक्स या लिनक्सच्या एन्क्रिप्शन पद्धतीने कुलूपबंद करून परवलीचा शब्द वहीत लिहून ठेवावा. दर दोन-तीन महिन्यांनी बॅकअपमधले दहा-बारा फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून पाहावेत, आणि त्यांत सर्वांत जुने एक-दोन जरूर असावेत.